कॅरॅव्हॅन, मोटरहोम की कॅम्परव्हॅन? अण्णांच्या सहलीचा हिशेब

(हा भाग ऐकण्याऐवजी वाचणाऱ्या मंडळींसाठी. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'काय ते' थोडे कमी केले आहेत, बाकी बोलले तसंच ठेवलंय.)

आजचा भाग एका श्रोत्याच्या प्रश्नावरून सुचला. ते स्लाउला राहतात. घरात नवरा-बायको आणि दोन मुलं, एक नऊ वर्षांचं, एक पाच. जूनमध्ये सासू-सासरे सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर येणार आहेत. सगळ्यांना घेऊन स्कॉटलंड फिरायचंय, हॉटेलांचे दर बघून डोळे पांढरे झालेत, आणि आता यूट्यूबवर बघून बघून डोकं फिरलंय. प्रश्न असा की घ्यायचं काय? कॅरॅव्हॅन, मोटरहोम की कॅम्परव्हॅन?

दादा, मी याच प्रश्नावर दीड वर्ष घालवलंय. आमच्या घरात यावरून अबोले झालेत. त्यामुळे थोडं सविस्तर बोलते. तुमचं उत्तर शेवटी देते, पण ते आमच्यापेक्षा वेगळं का आहे हे कळायला आधी आमची गोष्ट ऐकावी लागेल.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. भारतात आपण सगळ्यालाच कॅरॅव्हॅन म्हणतो, आणि मराठी माणसाच्या डोळ्यासमोर येते ती नट-नट्यांची व्हॅनिटी व्हॅन. इथे ब्रिटनमध्ये तीन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅरॅव्हॅनला इंजिन नसतं. ती खोली आहे, चाकांवरची, आणि ती तुमच्या कारच्या मागे जोडून ओढायची. मोटरहोम म्हणजे मोठ्या व्हॅनच्या सांगाड्यावर मुद्दाम बांधलेलं घर. पुढे केबिन आणि मागे स्वयंपाकघर, पलंग, संडास-बाथरूम. कॅम्परव्हॅन म्हणजे नेहमीची व्हॅनच, आतून फिरवून झोपायची आणि शिजवायची सोय केलेली. फोक्सवॅगनची ती छप्पर वर उचलणारी गाडी पाहिली असेल ना, ती.

आणि एक गंमत सांगून टाकते. हौसेनं चाकांवरच्या घरातून फिरायची सुरुवात इथे एका डॉक्टरनं केली. गॉर्डन स्टेबल्स त्यांचं नाव, आरमारातले निवृत्त सर्जन. १८८५ साली त्यांनी ब्रिस्टलच्या कारखान्यात 'वाँडरर' नावाची गाडी बांधून घेतली आणि दोन घोडे जोडून इंग्लंडच्या दक्षिणेतून थेट इन्व्हर्नेसपर्यंत गेले. म्हणजे 'ओढणारा वेगळा आणि घर वेगळं' ही कल्पना मूळची. ती मला शेवटी पटली, पण पटायला वेळ लागला.

आता आमच्या घरची माणसं. मी, नवरा, आमची नऊ वर्षांची लेक, आणि साताऱ्याहून येणारे अण्णा आणि आई. आम्ही लीड्सला राहतो. अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. तीस वर्षं. वाई-पाचगणी, महाबळेश्वर, पसरणीचा घाट त्यांच्या हाताखालून गेलेला. आता वय एकाहत्तर. दिवाळी, गणपती, आषाढीच्या जादा गाड्या, अण्णा स्वतःहून ड्युटी मागून घ्यायचे. दोन पैसे जास्त मिळायचे आणि आम्ही तीन भावंडं शिकत होतो. त्याचा परिणाम असा की आम्ही सगळे मिळून कुठे सहलीला गेलोय असं माझ्या लहानपणात एकदाही झालेलं नाही. अख्ख्या महाराष्ट्राला सहलीला नेलं त्यांनी, आम्हाला सोडून. तर ते मला एकदा करायचं होतं. त्यांनी शेजारी बसायचं आणि गाडी आम्ही चालवायची.

सुरुवात झाली कॅम्परव्हॅनपासून. ते नवऱ्याचं जुनं स्वप्न. आई-अण्णा यायच्या आधीच्या ऑक्टोबरात आम्ही तिघांनी एक कॅम्परव्हॅन तीन रात्रींसाठी भाड्यानं घेतली आणि लेक डिस्ट्रिक्टला गेलो. आणि खरं सांगते, प्रेमातच पडलो. चालवायला साध्या गाडीसारखी. दगडी कुंपणांच्या मधून जाणारे ते अरुंद रस्ते, त्यातून आरामात जाते. उंची दोन मीटरच्या आत, आणि ही गोष्ट छोटी वाटली तरी फार मोठी आहे. इथल्या कित्येक कार पार्कांच्या तोंडाशी दोन-सव्वादोन मीटरवर लोखंडी आडवी दांडी असते. मोटरहोमवाले बाहेर घिरट्या घालतात, तुम्ही आत. शिवाय सोमवारी हीच गाडी घेऊन ऑफिसला जाता येतं.

पण पाऊस पडला. लेक डिस्ट्रिक्टमध्ये पाऊस पडला ही काही बातमी नाही. चार ओले बूट, तीन ओले रेनकोट, आणि पलंग करायचा तर सीट आडव्या करायच्या, त्यासाठी सामान पुढे टाकायचं, सकाळी परत मागे. म्हणजे मुंबईच्या वन रूम किचनमध्ये सहा पाहुणे आल्यावर जे होतं ना, ते रोज दोनदा. मी भाताला साधी जिऱ्याची फोडणी दिली तर धुराचा अलार्म बोंबलायला लागला, रात्री आठ वाजता, सगळ्या कॅम्पसाइटला ऐकू जाईल असा. कुकरच्या वाफेनं काचा अशा घामेजल्या की सकाळी फडक्यानं पुसून पिळावं लागलं. तरी दोघांसाठी, किंवा दोघं आणि एक लहान मूल असेल तर, मी आजही कॅम्परव्हॅनच सांगेन.

तर आम्ही बुकिंगचे पैसे भरायच्या बेतात होतो. मी अण्णांना फोन केला. म्हटलं, अण्णा, अशी अशी गाडी घेतोय, तुम्ही आलात की सगळे त्यातच राहायचं, त्यातच झोपायचं. फोनवर थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाले, "मी तीस वर्षं गाडीतच झोपलो की गं. रिटायर झालो ते पलंगावर झोपायला."

मला काय बोलावं सुचेना. आमच्या लहानपणी अण्णा मुक्कामाच्या गाडीवर असायचे. संध्याकाळी शेवटच्या गावाला गाडी पोचवायची, रात्री गाडीतच अंग टाकायचं, पहाटे पहिली फेरी. आम्हाला ती गंमत वाटायची. मी त्यांना सुट्टी म्हणून परत तेच देऊ करत होते, आणि वर ते थंडीत. दुसऱ्या दिवशी आईचा वेगळा फोन आला, हळू आवाजात. अण्णांना प्रोस्टेटचा त्रास आहे, रात्री चारदा उठतात, तर तिकडं संडास कुठं असतो?

हे दोन प्रश्न, पलंग कायमचा आहे का आणि रात्री संडास कुठे. पुढचा सगळा शोध आमच्यासाठी यांच्याच भोवती फिरला. यूट्यूबवर कुणी सांगत नाही. ते सोलर पॅनल दाखवतात. कॅम्परव्हॅनमध्ये बहुतेक वेळा एक छोटा डबा-संडास असतो, तो सीटखालून काढायचा आणि सगळ्यांच्या देखत वापरायचा. लेक, जावई, नात शेजारी झोपलेत आणि अण्णा तिथे बसतील? ते रात्रभर दाबून ठेवतील पण बसणार नाहीत. कॅम्परव्हॅन बाद. नवरा दोन दिवस गप्प होता.

मग मोटरहोम. आई-अण्णा मे महिन्यात आले, आणि आम्ही चार रात्रींसाठी एक भाड्यानं घेतली. व्हिटबीला, समुद्रकिनाऱ्याला. पुढच्या सीटवर अण्णांना बसवलं. उंच केबिन, समोर भलीमोठी काच, आणि चेहरा असा खुलला की काय सांगू. "आता बरोबर," म्हणाले. त्यांना चालवायचीच होती. इथे येणाऱ्या पाहुण्याला भारतातल्या लायसन्सवर बारा महिने कार चालवता येते, पण भाड्याच्या कंपनीची वयाची अट होती, त्यात अण्णा बसत नव्हते. एक तास रुसले. मग आरशात बघून नवऱ्याला सूचना द्यायला लागले. "मागचं बाहेर फिरतंय, लक्ष ठेव." आणि ते खरं होतं. मोटरहोमचा मागचा भाग चाकांच्या बराच मागे लोंबलेला असतो, वळताना तो बाहेर फेकला जातो. एसटीवाल्याला हे सांगावं लागत नाही.

संडास आत, दार लावता येणारा. शॉवर आत. पाऊस आला तर पुढून मागे चालत जायचं. गावाला पोचलं की हँडब्रेक ओढला आणि चहा ठेवला, दुसरं काहीच करायचं नाही. हे सुख मोठं आहे. मग का नाही घेतली? किंमत हे एक कारण आहेच. नवीन मोटरहोम साठ-सत्तर हजार पौंडांच्या खाली सापडणं कठीण, आणि जुन्याही भाव टिकवून असतात. पण कर्ज काढून घेतली असती कदाचित. अडलं ते वजनावर. आणि इथे मंडळी, जरा कान देऊन ऐका, कारण आपल्या लोकांना हा मुद्दा जास्त लागू आहे.

ज्यांनी इथली कारची परीक्षा १ जानेवारी १९९७ च्या आधी पास केली त्यांना साडेसात टनांपर्यंतची गाडी चालवता येते. म्हणून तुमचे शेजारी गोरे काका चार टनांची मोटरहोम घेऊन फिरताना दिसतात. आपण बहुतेक सगळे त्यानंतर आलेलो. भारतातलं लायसन्स इथे राहायला आल्यावर बारा महिने चालतं, मग इथली परीक्षा द्यावी लागते, आणि त्यावर मिळते ती साधी बी कॅटेगरी, ३,५०० किलोपर्यंत. हे वजन गाडीचं एकटीचं नाही. गाडी, माणसं, पाणी, डाळ-तांदूळ, सगळं धरून जास्तीत जास्त. त्याच्या वर न्यायची तर वेगळी परीक्षा. आणि आणखी एक, आपल्यातल्या बऱ्याच जणांनी ऑटोमॅटिकवर परीक्षा दिलेली असते. मग मॅन्युअल गाडी चालवता येत नाही. भाड्याची मोटरहोम बुक करायच्या आधी तेवढं लायसन्स काढून बघा.

आता हिशेब ऐका. आम्ही जी विकत घेणार होतो तिच्या कागदावर चालू स्थितीतलं वजन ३,०८० किलो होतं. त्यात ड्रायव्हरचे ७५ किलो आणि डिझेल धरलेलं असतं. उरले ४२०. पुष्कळ वाटतात ना? नवरा गाडी चालवणार, तो झाला. मी ६३, अण्णा ७८, आई ६८, लेक ३१. झाले २४०. उरले १८०. मालकानं बसवलेली जादा बॅटरी आणि सायकलींचा स्टँड, दोन सायकली धरून ७० किलो. उरले ११०. पाण्याची टाकी १०० लिटरची, पण कागदावर त्यातलं फक्त २० लिटर धरलेलं. टाकी भरली की ८० किलो वाढले. उरले तीस.

तीस किलोत पाच माणसांची अंथरूणं, कपडे, भांडी, खाणं. आईनं साताऱ्याहून आणलेली एक बॅग विमानाच्या नियमानं २३ किलोची होती. म्हणजे मसाले, भडंग, कुरडया आणि कंदी पेढे गाडीत चढवले की आमच्या कपड्यांना सात किलो. टाकी अर्धी रिकामी ठेवून चालतं, बरेच जण तसंच करतात. पण जास्त वजन भरून पकडलं गेलात तर दंड आहे, आणि विम्याचाही प्रश्न येतो. अण्णांनी हे ऐकलं आणि हसले. म्हणाले, यात्रेच्या गाडीला असा हिशेब लावला असता तर एक माणूस देवाला पोचला नसता.

दुसरी फसगत बेल्टची. जाहिरातीत लिहितात 'सहा बर्थ'. बर्थ म्हणजे झोपायच्या जागा. प्रवासात बसायला बेल्टच्या सीट चार असू शकतात, कधी दोनच. काही जुन्या गाड्यांत सीट आडव्या, बाजूला तोंड करून. त्यावर मुलाची सीट लावता येत नाही, आणि इथे मूल बारा वर्षांचं किंवा १३५ सेंटिमीटर उंच होईपर्यंत ती सीट लागते. तेव्हा गाडी बघायला जाल तेव्हा गाद्या मोजू नका, बेल्ट मोजा.

आणि तिसरं, व्हिटबीला कळलेलं. दूध आणायचं तरी अख्खं घर घेऊन जावं लागतं. केबल काढा, कपाटं बंद करा, भांडी अडकवा, आणि मग तीन मीटर उंचीचं ते धूड गावात लावायला जागा शोधत फिरा. आई म्हणाली, "दुधासाठी संसार हलवायचा?" अण्णांना दुपारी जेवून तासभर झोप लागते. आम्हाला मठ बघायला वर जायचं होतं. गाडी कार पार्कात, तिकीट दोन तासांचं, आणि अण्णा आत झोपलेले. पलंगावर होते, पण मुक्काम काही त्यांना मिळाला नाही.

तर उरली कॅरॅव्हॅन. हिच्याबद्दल माझ्या मनात अढी होती. रस्त्यात हळू चालणारी, मागे रांग लावणारी. ओढायची भीती तर होतीच. पण दोन गोष्टी कळल्या. एक, १६ डिसेंबर २०२१ पासून नियम बदलला. आता साध्या कारच्या लायसन्सवर ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो, वेगळी परीक्षा नाही. पण नियम सैल झाला म्हणून अंगात कसब येत नाही. आम्ही दोघांनी एक दिवसाचं प्रशिक्षण घेतलं, ते पैसे सगळ्यात चांगले खर्च झाले.

दोन, वजनाचा हिशेब इथे वाटला जातो. माणसं कारमध्ये, सामान दोन्हीकडे. इथे सांगतात की नवशिक्यानं कारच्या वजनाच्या ८५ टक्क्यांपेक्षा जड कॅरॅव्हॅन घेऊ नये. कायदा नाही, पण शहाणपण आहे. आमची कार १,७०० किलोची, म्हणजे मर्यादा १,४४५. आम्ही घेतली ती भरलेली जास्तीत जास्त १,४०० किलोची. शिवाय कारच्या आकड्यावर पुढून पडणारं वजन कॅरॅव्हॅनच्या वजनाच्या ५ ते ७ टक्के असावं, म्हणजे आमचं ७० ते ९८ किलो, आणि कारच्या मर्यादेत. जड सामान ॲक्सलवर, खाली. मागे भरलंत तर ती सापासारखी वळवळायला लागते. तसं झालं तर घाबरून ब्रेक दाबायचा नाही, पाय हळूच उचलायचा आणि स्टेअरिंग सरळ धरायचं.

आम्ही जुनी घेतली, बारा वर्षांची, एका निवृत्त जोडप्याकडून, सात हजार पौंडांना. जुन्या कॅरॅव्हॅनचा शत्रू ओल. कोपरे, खिडक्यांखालचा भाग, छताचे सांधे दाबून बघा. ओल मोजायचं छोटं यंत्र मिळतं, ते घेऊनच जा. टायरवरची नक्षी बघून फसू नका. कॅरॅव्हॅन उभीच असते, नक्षी झिजत नाही, रबर मात्र म्हातारं होतं. टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१४ म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. पाच ते सात वर्षांनी बदलायचे, दिसायला कितीही नवे असोत.

आणि आता आमची चूक. गाडी घरी आणली, ऐटीत दारात लावली, शेजाऱ्यांना चहाला बोलावलं. चार दिवसांनी त्यातल्याच एका बाईंनी प्रेमानं विचारलं, "घराचे कागद वाचलेत का?" आमची कॉलनी नवी. अशा बऱ्याच कॉलन्यांच्या खरेदीखतात अट असते की पुढच्या अंगणात कॅरॅव्हॅन उभी करायची नाही. घर घेताना आम्ही सही केलेली! आता ती एका शेतकऱ्याच्या आवारात असते, महिन्याला पंचेचाळीस पौंड. हे आधी बघा.

बरं, रिव्हर्स. कॅरॅव्हॅन मागे घेताना सगळं उलटं होतं. स्टेअरिंग डावीकडे फिरवलं की ती उजवीकडे जाते. पहिल्या दिवशी शेतात सराव करताना नवरा घामाघूम, मी बाहेरून हातवारे करतेय, आणि अण्णा कुंपणावर बसलेले. एसटीला ट्रॉली नसते, त्यामुळे त्यांनाही सवय नाही. पण थोड्या वेळानं उठून आले आणि म्हणाले, "कारखान्यावर उसाच्या दोन दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर आपली पोरं मागं घेत्यात. हात वर कशाला धरतोय? स्टेअरिंग खालनं धर. ट्रॉली जिकडं न्यायची तिकडं हात ने." प्रशिक्षकानं दोन महिन्यांपूर्वी हेच सांगितलं होतं, आम्ही विसरलो होतो. तिसऱ्या खेपेला गाडी जाग्यावर.

वेगाचं म्हणाल तर ओढताना साध्या दुपदरी रस्त्यावर ताशी ५० मैल, मोटरवेवर ६०, आणि तीन लेनच्या मोटरवेवर सगळ्यात उजवी लेन बंद. ५० मैल म्हणजे ८० किलोमीटर. अण्णा म्हणाले, हा तर आमचाच वेग, याला काय हळू म्हणता? इन्व्हर्नेसकडे जाणाऱ्या ए-नाइनवर मागे रांग झाली की आम्ही जागा बघून बाजूला घ्यायचो. त्यात कमीपणा नाही. आणि काही घाटांत जायचंच नाही. आमच्याकडे थर्स्कहून स्कारबरोला जाताना सटन बँकचा चढ आहे, तिथे कॅरॅव्हॅनला सरळ बंदी. सॅटनॅव्ह हे सांगत नाही, नकाशा सांगतो.

ऑगस्टच्या शेवटच्या दोन आठवड्यांत आम्ही बारा रात्रींसाठी स्कॉटलंडला गेलो. स्कॉटिश शाळा तेव्हा सुरू झालेल्या असतात, जागा मिळतात. एक सांगते, स्कॉटलंडमध्ये कुठेही मुक्काम करता येतो असं लोक म्हणतात. तो हक्क पायी फिरून तंबू टाकणाऱ्यांचा आहे, २००३ च्या कायद्यातला, वाहनांना तो लागू नाही. आम्ही क्लबचं सदस्यत्व घेतलं. त्यांच्या मोठ्या साइट आहेत, पण आम्हाला आवडल्या त्या शेतातल्या छोट्या, जिथे एका वेळी पाचच गाड्या. विजेची तार मिळते, पण बऱ्याच ठिकाणी दहा अँपिअरचीच. म्हणजे २,३०० वॉट. हीटर, किटली आणि इंडक्शन एकदम लावलं की गेली वीज. अण्णांचा सहाचा चहा असा दोनदा अंधारात झाला. छोटी, हजार वॉटची किटली घ्या. आणि संडासाची टाकी रोज ठरलेल्या जागी नेऊन रिकामी करावी लागते, ती जबाबदारी जावयानं आपणहून घेतली. आईला ते इतकं अवघड वाटलं की ती रोज त्याला त्यानंतर शिरा करून घालायची. त्याचं वजन तीन किलो वाढलं, हे ८५ टक्क्यांच्या हिशेबात धरायचं राहिलं.

अण्णा-आईला मागचा कायमचा पलंग. मधे सरकतं दार, दाराला लागून संडास. पहिल्या सकाळी विचारलं, झोप लागली का? म्हणाले, "चारदा उठलो. कुणाला कळलं का?" नाही, म्हटलं. "मग लागली."

लॉखकॅरनजवळ कॅरॅव्हॅन चार दिवस एका जागी लावली. तिथून ॲपलक्रॉसला जाणारा बेलाख ना बा हा घाट आहे. समुद्राच्या पातळीपासून ६२६ मीटर चढतो, एकेरी रस्ता, वळणं अशी की खालचा रस्ता पायाखाली दिसतो. सुरुवातीलाच पाटी आहे, शिकाऊ ड्रायव्हर, फार मोठी वाहनं आणि कॅरॅव्हॅन यांनी जाऊ नये. मोटरहोम घेतली असती तर आम्ही पाटी बघून मागे फिरलो असतो, किंवा किनाऱ्याचा लांबचा रस्ता धरला असता. पण कॅरॅव्हॅन खाली होती आणि आमच्याकडे नुसती कार होती.

मी चालवत होते. अण्णा शेजारी. वळण आलं की त्यांचा उजवा पाय खाली दाबला जायचा, नसलेल्या ब्रेकवर. वरून एक गाडी येत होती, मी चढत होते, थांबू का पुढे जाऊ कळेना. अण्णा म्हणाले, "तू चढतीयस. तो थांबेल." आणि तो थांबला, बाजूच्या रुंद जागेत घेऊन. इथल्या हायवे कोडमध्येही तेच आहे, चढणाऱ्याला आधी वाट द्या. अण्णांनी त्या माणसाला हात वर करून सलाम केला, एसटीवाले एकमेकांना करतात तसा, आणि त्यानंही केला. वर पोचल्यावर ते बराच वेळ खाली वळणांकडे बघत उभे होते. आई डबा उघडून बसली. मग अण्णा म्हणाले, "पसरणीत कधी थांबून बघितलंच नाही बघ. गाडीला टाइम असायचा."

असो. तर दादा, तुमचं उत्तर.

तुम्ही सहा जण आहात. कॅम्परव्हॅनचा विचार सोडा. मोटरहोममध्ये सहा बेल्ट असलेली, आणि सहा माणसं बसून ३,५०० किलोच्या आत राहणारी गाडी मिळणं जवळजवळ अशक्य. मी केला तसा हिशेब कागदावर करा, तांदळाची पिशवी येण्याआधीच संपेल. कॅरॅव्हॅन ओढायची तर पाच सीटच्या कारमध्ये सहा जण बसत नाहीत, आणि चालत्या कॅरॅव्हॅनमध्ये माणूस बसवता येत नाही. तेव्हा सात सीटची कार आधीच असेल तर तिचं वजन आणि ओढायची मर्यादा बघा, दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर आणि कागदात असते. ती जमत असेल तर जुनी सहा बर्थची कॅरॅव्हॅन, पण कायमचा पलंग असलेली. कार नसेल तर या वर्षी काहीच विकत घेऊ नका. एक कॅरॅव्हॅन साइटवर उभी असलेलीच भाड्यानं मिळते, आठवड्यासाठी. त्यात सासू-सासऱ्यांना नेऊन बघा, रात्री झोप लागते का ते. आणि गाडी ठरवायच्या आधी त्यांना एक फोन करा. विचारायला थोडं अवघड वाटेल असं सगळं विचारा.

आमच्या सहलीनंतर अण्णांनी जाताना एक छोटी वही ठेवलीय. रोजचे मैल, डिझेल, मुक्काम, हवा. शेवटच्या पानावर लिहिलंय, "गाडी ठीक. ॲव्हरेज कमी पडते. पुढच्या वेळी मागचे टायर बघून घेणे." या वर्षी जूनमध्ये परत येतायत. टायर बदलून घेतलेत.

तुमच्या कारचं वजन आणि माणसांची संख्या पाठवा, जमेल तेवढ्यांचा हिशेब पुढच्या भागात करून सांगते. येते.